हूल आणि घाई: खडाखडीतील सत्याचा प्रश्न

शब्दाने खोटे बोलता येते याविषयी कोणत्याही धर्मशास्त्राला शंका नाही. शरीराने खोटे बोलता येते का, हा प्रश्न मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. तो उभा राहतो तो प्रामुख्याने हौद्यात, म्हणजे तालमीतल्या लाल मातीच्या आखाड्यात आणि यात्रेतल्या मैदानात. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या दुष्काळी माथ्यावर, विटा आणि आसपासच्या गावांत, ग्रामदैवताच्या यात्रेबरोबर कुस्त्यांचा फड भरतो. २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकणारे चंद्रहार पाटील विट्याजवळच्या भाळवणीचे आहेत. या भागातल्या प्रेक्षकाला कुस्तीचा जो टप्पा बारकाईने पाहता येतो, तो अंतिम डावाच्या आधीचा असतो आणि त्याला खडाखडी म्हणतात. दोन मल्लांची सलामी झाल्यानंतर आणि पहिली खरी पकड बसण्यापूर्वी जी चाचपणी, ओढाताण आणि हुलकावणी चालते, ती म्हणजे खडाखडी. या टप्प्यावर मल्ल जे करतो त्यातले बरेचसे ‘खरे’ नसते: हात डोक्याकडे जातो आणि मनात पट काढायचा असतो, खांदा उजवीकडे झुकतो आणि पाय डावीकडे टाकायचा असतो. अशा हुलीला धर्मदृष्टीने असत्य म्हणावे काय, आणि म्हणू नये तर कोणत्या आधारावर, हा येथे विचाराचा विषय आहे.

हा प्रश्न एका प्रांताचा किंवा एका खेळाचा नाही, हे दाखवण्यासाठी अगदी दूरचे उदाहरण उपयोगी पडते. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये, जो हाताने चेंडू नेण्याचा आणि धडक देण्याचा खेळ आहे, चढाई करणारे ११ आणि बचाव करणारे ११ गडी एका काल्पनिक रेषेच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात आणि मधला गडी चेंडू पायांमधून मागे देतो तेव्हा चाल सुरू होते; या क्षणाला तिकडे स्नॅप म्हणतात. स्नॅपच्या आधी चढाईच्या बाजूचा एक गडी रेषेला समांतर किंवा मागच्या दिशेने धावू शकतो. तो धावू लागला आणि बचावातला एखादा गडी त्याच्या मागोमाग सरकला, तर बचाव माणसागणिक वाटून घेतला आहे असा तर्क बांधता येतो. कोणी मागोमाग न जाता सगळ्यांनी थोडी जागा बदलली, तर बचाव क्षेत्रागणिक लावला आहे असे दिसते. धावणारा गडी पुढे अनेकदा चेंडूला शिवणारही नसतो. त्याचे धावणे हा एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर प्रतिस्पर्ध्याला नाइलाजाने, तोंड न उघडता द्यावे लागते.

खडाखडीत नेमके हेच घडते. दोन मल्ल डोक्याला डोके लावून उभे असतात, प्रत्येकाचा एक हात दुसऱ्याच्या मानेवर आणि दुसरा मनगटावर किंवा दंडावर. मधूनच एकजण चिमूटभर माती उचलून समोरच्याच्या घामट खांद्याला लावतो, कारण ओल्या अंगावर हात ठरत नाही. मग मानेला एक हिसका बसतो. त्या हिसक्याने कोणी पडत नाही आणि पाडण्याचा त्याचा हेतूही नसतो. हिसका बसताच समोरच्याने कोणता पाय पुढे रोवला, त्याची कंबर मागे गेली की गुडघा वाकला, श्वास तुटला की टिकला, एवढेच पाहायचे असते. दुसरा हिसका उलट दिशेने बसतो. तिसऱ्या हिसक्याला पाय रोवायला किंचित उशीर झाला की हात मानेवरून सुटतो, मल्ल समोरच्याच्या पोटाखाली शिरतो आणि पट निघतो. मैदानाबाहेरून पाहणाऱ्याला डाव अचानक लागला असे वाटते; जाणकाराने मात्र तो दोन हिसके आधीच ओळखलेला असतो. विट्याचे गलाई कारागीर भारतभर ज्या कामासाठी ओळखले जातात त्या कामात सोने आगीत घातल्यावर त्यातली भेसळ जशी आपोआप वेगळी दिसू लागते, तशी खडाखडीच्या तापात समोरच्या पवित्र्यातली कच्ची बाजू उघडी पडते. म्हणजे हूल देणारा स्वतःविषयी काही खोटे सांगत असेल, पण त्याच कृतीने तो प्रतिस्पर्ध्याविषयीचे खरे बाहेर काढत असतो, आणि हूल केवळ फसवणूक मानणाऱ्यांच्या ध्यानात ही दुसरी बाजू येत नाही.

सत्याची काटेकोर व्याख्या शोधू गेल्यास पतंजलीच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्य हाताशी येते. यमांची गणना करणाऱ्या सूत्रावर, म्हणजे दुसऱ्या पादातील तिसाव्या सूत्रावर, भाष्यकार सांगतो की जसे पाहिले, अनुमानाने जाणले किंवा ऐकले, तसेच मन आणि वाणी असणे हे सत्य होय. त्यापुढे तो एक अट घालतो: आपल्याला झालेला बोध दुसऱ्याच्या ठायी उतरवण्यासाठी जी वाणी वापरली जाते, ती फसवी, भ्रांत किंवा बोधशून्य असू नये. या अटीतच प्रस्तुत प्रश्नाची किल्ली आहे. सत्यासत्याचा विचार जिथे बोध देण्याचा व्यवहार आहे तिथे लागू होतो. जिथे एकाने सांगावे आणि दुसऱ्याने विश्वास ठेवावा असा संबंधच नाही, तिथे कृती चुकीची ठरू शकेल, क्रूर ठरू शकेल, पण असत्य ठरणार नाही. खडाखडीतल्या मल्लाचा खांदा समोरच्याला काही सांगत नसतो आणि समोरचाही त्याला साक्षीदार मानत नसतो. उलट, त्या खांद्यावर विश्वास ठेवायचा नाही हेच दोघांनी सलामी देताना गृहीत धरलेले असते. भाष्यकाराने सत्याला भूतमात्रांच्या हिताचीही कसोटी लावली आहे, आणि त्या कसोटीवर कोणतीही चढाओढ पूर्णपणे निर्दोष ठरणार नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. योग्याचा धर्म आणि मल्लाचा धर्म एक नाही.

या ठिकाणी मराठी वाचकाला ‘गीतारहस्य’ आठवणे स्वाभाविक आहे. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात सत्याला अपवाद केव्हा होतो याची चर्चा केली आहे आणि तिचा आधार महाभारतातल्या प्रसंगांत शोधला आहे. दरोडेखोरांना खरी वाट सांगून निरपराधांच्या मृत्यूला कारण झालेल्या कौशिक ब्राह्मणाची कर्णपर्वातली कथा त्याच जातीची आहे. परंतु हा मार्ग खेळाच्या प्रश्नाला पुरा पडत नाही. अपवाद संकटासाठी असतात. मैदानात कोणाच्या प्राणावर बेतलेले नसते आणि मल्ल हूल देतो ती नाइलाजाने नव्हे, तर हौसेने आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीने कमावलेले कसब म्हणून. जी गोष्ट आनंदाने शिकवली जाते आणि चांगली जमल्यावर वाखाणली जाते, तिला आपद्धर्माच्या खात्यात घालणे ही पळवाट होईल. तिच्यासाठी वेगळा आधार हवा, आणि तो न्यायशास्त्रात मिळतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्यात दोन्ही पक्षांना तत्त्वाचा निर्णय हवा असतो तो वाद. ज्यात जिंकण्याची इच्छा असते आणि दोघेही आपापला पक्ष मांडतात तो जल्प. आणि ज्यात स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडला जातो ती वितंडा. यानंतर येते ते छल. प्रतिपक्षाच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला अडवणे म्हणजे छल, आणि गौतमाने छलाचा वापर जल्पात मान्य केला आहे, वादात नाही. गुरू आणि शिष्य यांच्यातल्या चर्चेत छल निषिद्ध, प्रतिस्पर्ध्यांच्या चर्चेत क्षम्य. या सवलतीचे समर्थन करताना सूत्रकार म्हणतो की कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसे तत्त्वनिर्णयाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा असतात.

तालीम आणि मैदान यांचा संबंध या विभागणीने फार चांगला उलगडतो. तालमीत वस्ताद पठ्ठ्याला डाव दाखवतो तेव्हा त्याचा हात खरा असतो. ढाक कशी लावायची, घिस्सा कुठे बसतो आणि त्याची तोड काय, हे तो लपवत नाही, आणि एखाद्या वस्तादाने शिकवतानाच हूल दिली तर ती शिकवण्याची फसवणूक ठरेल. तेथे वाद चालतो. मैदानात जल्प चालतो, आणि तेथे तोच वस्ताद कडेला बसून आपल्या पठ्ठ्याने समोरच्याला चकवावे म्हणून अधीर झालेला असतो. एकाच माणसाच्या वागण्यातली ही दोन रूपे दुटप्पीपणाची नव्हेत. व्यवहार बदलला की सत्याची मागणीही बदलते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

महाभारताच्या शल्यपर्वातले गदायुद्ध हे याचे सर्वांत बोलके उदाहरण असूनही या अंगाने त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते. भीम आणि दुर्योधन प्रहारापूर्वी एकमेकांभोवती मंडले घेतात, पुढे जाऊन मागे येतात, वाकड्या वळणांनी सरकतात. या हालचालींची शास्त्रीय नावे ग्रंथकाराने हौसेने दिली आहेत, आणि ती सगळी हुलीची, पवित्र्याची अंगे आहेत. शेवटच्या क्षणी भीमाला चकवण्यासाठी दुर्योधन उंच उडी घेतो, भीम ती चाल ओळखतो आणि गदा त्याच्या मांड्यांवर मारतो. बलराम संतापतो, नांगर उचलून धावतो आणि भीम जगात कपटी योद्धा म्हणून ओळखला जाईल असे सुनावतो. येथे पाहण्यासारखे हे की दुर्योधनाच्या उडीला, जी उघड उघड चकवण्यासाठी होती, कोणीही कपट म्हणत नाही; दोघांचाही गुरू असलेला बलराम तर नाहीच. दोष लागतो तो नाभीखाली प्रहार करू नये ही मर्यादा मोडण्याला. (अर्जुनाने स्वतःची मांडी थोपटून भीमाला खूण केली होती, हाही भाग विसरता येत नाही, मैदानाबाहेरून इशारे देण्याची परंपरा म्हणजे चांगलीच जुनी आहे.) हूल मर्यादेच्या आत आहे आणि मर्यादाभंग बाहेर, ही रेषा महाभारतकाराला स्वच्छ दिसत होती.

ही मर्यादा कुठे आखावी हे प्रत्येक खेळ आपापल्या परीने ठरवतो, पण ते ठरवणे मनमानी नसते. अमेरिकन फुटबॉलमध्ये गडी आडवा धावू शकतो, खोटी दिशा दाखवू शकतो. मात्र चाल सुरू झाल्याचा भास होईल असा अचानक झटका आघाडीच्या गड्याने स्नॅपआधी दिला, तर तो नियमभंग ठरतो आणि दंड होतो. खो-खोमध्ये पळणाऱ्याला हवी तेवढी हुलकावणी देता येते; पाठलाग करणाऱ्याला मात्र एकदा खांदा वळवून दिशा घेतली की खांबापर्यंत तीच पाळावी लागते, म्हणजे एका पक्षाच्या देहावर नियमाने सत्याचे बंधन घातलेले आहे. या नियमांमागचा विचार असा दिसतो की ज्या खुणेवर दोन्ही बाजूंनी मिळून विसंबायचे असते, ती खूण खोटी करता येत नाही. कुस्तीत ती खूण सलामीची आहे. सलामीचा हात हे मात्र कथनच आहे. त्यात ‘आता सुरू’ असे एकजण सांगतो आणि दुसरा मानतो. म्हणून त्या हातातच झटका देऊन डाव टाकणे आणि क्षणभरानंतर मानेवरच्या हाताने फसवणे, या दोन कृती बाहेरून सारख्या दिसल्या तरी धर्मदृष्ट्या एका वर्गातल्या नाहीत.

येथवर हुलीचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. खरी अडचण तिच्या जोडीला येणाऱ्या दुसऱ्या गोष्टीत आहे आणि ती गोष्ट म्हणजे घाई, अधिक नेमके सांगायचे तर प्रतिस्पर्ध्यावर लादलेली घाई. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन चालींच्या मध्ये गडी घोळका करून पुढचा बेत ठरवतात. तो घोळका टाळून लगेच रेषेवर उभे राहायचे, म्हणजे बचावाला गडी बदलायला, दम घ्यायला आणि विचार करायला वेळच मिळत नाही, ही युक्ती १९८८ च्या हंगामात सिनसिनाटीच्या संघाने प्रशिक्षक सॅम वाइश यांच्या हाताखाली सर्रास वापरली. बफेलोच्या संघाने तिच्यावर आक्षेप घेतला आणि वेळ मिळवण्यासाठी आपले गडी दुखापतीचे सोंग घेतील असेही तिकडून सुचवले गेले. गंमत अशी की पुढे त्याच बफेलोने ही युक्ती आत्मसात करून सलग चार वर्षे अंतिम सामना गाठला. चढाईच्या बाजूने गडी बदलले तर बचावालाही बदलण्यास वाव दिलाच पाहिजे, असा नियम आज त्या खेळात आहे.

हूल आणि घाई यांतला भेद न्यायशास्त्राच्या भाषेत मांडता येतो. हूल प्रतिस्पर्ध्याच्या मनात संशय किंवा विपर्यय, म्हणजे एका वस्तूच्या ठिकाणी दुसरीचे ज्ञान, उत्पन्न करते. पण तो संशय दूर करण्याची शक्ती, त्याचा विवेक, त्याच्याजवळच राहतो. चांगला मल्ल हूल ओळखतो आणि ओळखल्यावर देणाऱ्यावरच उलटवतो. घाई त्या विवेकाला काम करायला जागाच ठेवत नाही. ती निर्णयच होऊ देत नाही. हूल देणारा समोरच्याला निदान विचार करणारा मानतो, नाहीतर हूल द्यायचे कारणच उरत नाही. घाई लादणाऱ्याच्या लेखी समोरच्याच्या विचाराला किंमत नसते. या दृष्टीने पाहता सर्वांचा आक्षेप ज्या हुलीवर असतो, तिच्याहून घाईच अधिक गंभीर ठरते.

आश्चर्य असे की हा भेद न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यातून हाती लागतो. पराभवाच्या कारणांना न्यायशास्त्रात निग्रहस्थाने म्हणतात. त्यांपैकी एकाचे नाव अविज्ञातार्थ. तीनदा सांगूनही जे विधान सभेला आणि प्रतिवादीला कळत नाही, ते करणाराच हरला असे समजावे, असा त्याचा आशय आहे, आणि न कळण्याची जी कारणे भाष्यकाराने दिली आहेत, त्यांत अतिवेगाने बोलणे हेही एक आहे. जल्पात छलाला जागा देणारे हेच शास्त्र वेगाने प्रतिवादीला गुदमरवणाऱ्याला मात्र पराभूत ठरवते. छल उघड करता येते, त्याचे उत्तर देता येते. जे ऐकूच आले नाही त्याचे उत्तर कसे देणार? सभेच्या अस्तित्वाला अर्थ उरावा म्हणून ही तरतूद होती, आणि फुटबॉलमधल्या गडी बदलण्याच्या नियमामागेही हीच जाणीव आहे, जरी तो करणाऱ्यांनी गौतमाचे नाव ऐकले नसेल.

दुखापतीच्या सोंगाकडेही येथे पुन्हा वळावे लागते, कारण व्यासभाष्याच्या कसोटीवर ते हुलीच्या शेजारी बसत नाही. जमिनीवर लोळणारा गडी प्रतिस्पर्ध्याला काही दाखवत नसतो. तो पंचाला आणि वैद्याला, म्हणजे खेळाबाहेर उभ्या असलेल्या आणि विश्वास ठेवणे हेच ज्यांचे काम आहे अशा माणसांना, आपल्या देहाची खोटी हकिगत सांगत असतो. शरीराने खोटे बोलता येते का, या आरंभीच्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर हे आहे. घाईने समोरच्याला कोंडीत पकडले की त्यातून खरे असत्य जन्मते, ही तिच्याविरुद्धची आणखी एक साक्ष.

तथापि वेग आणि लादलेली घाई यांत गल्लत करणे अन्यायाचे होईल. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्यासारख्या मल्लाची चपळाई ही कमावलेली शक्ती आहे, दुसऱ्याकडून हिसकावलेली वेळ नाही. विट्यात दसऱ्याला रेवणसिद्धाच्या दोन पालख्यांची, मूळस्थानाच्या आणि विट्याच्या पालखीची, शर्यत होते. तेथे देवाच्या पालखीने धावावे की नाही असा प्रश्न एखाद्या शुद्धतावाद्याला पडू शकेल, पण त्या धावण्यात एका पालखीचा वेग दुसरीला अंधारात ठेवत नाही. रस्ता दोघींना सारखाच दिसतो, कोणाचाही बेत गुप्त नसतो, आणि जो पुढे जातो तो खांद्यांच्या आणि पायांच्या जोरावर. वेगाचा हा निर्मळ प्रकार होय. दोष आहे तो दुसऱ्याच्या विचाराचा अवकाश आपल्या मालकीचा करण्यात.

म्हणून घड्याळ कोणाच्या हाती आहे, हा खेळाच्या नीतीतला मूलभूत प्रश्न ठरतो. मातीतली निकाली कुस्ती, म्हणजे एक मल्ल चितपट होईपर्यंत चालणारी कुस्ती, मूळ स्वरूपात घड्याळ जाणत नाही; खडाखडी लांबली तर फड कंटाळतो, ओरडतो, पंच ‘कुस्ती करा’ म्हणून बजावतो, पण विचाराला वेळ उरतो. गादीवर, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीत, प्रत्येकी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, आणि निष्क्रिय ठरलेल्या मल्लाला ३० सेकंदांत गुण मिळवता आला नाही, तर गुण प्रतिस्पर्ध्याला जातो. महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात लावली जाते, तेव्हा दोन मल्लांबरोबर काळाविषयीच्या दोन कल्पनाही समोरासमोर येतात. गादीचे घड्याळ कठोर असले तरी तटस्थ आहे. ते कोणा एका मल्लाचे नाही, आणि एवढ्या कारणासाठी त्याच्यावर लादल्याचा दोष ठेवता येत नाही.

कबड्डीचे उदाहरण याहूनही विचार करण्याजोगे आहे. आज चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे आणि अखेरच्या सेकंदांत चढाईपटू जी धडपड करतो ती प्रेक्षकाला आवडते. जुन्या हुतूतूत चढाईचे घड्याळ हे चढाई करणाऱ्याचा स्वतःचा दम होते. तो जितक्या हुली देई, जितक्या झपाट्याने कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे झेपावे, तितका त्याचा श्वास लवकर सरे. समोरच्या सात जणांवर आणलेली घाई त्याच्याच छातीतून वजा होत असे, आणि दम तुटला की तो त्यांच्याच अंगणात बाद ठरे. नियमपुस्तकात घाईला वेगळा दंड लिहावा लागला नव्हता. दम टिकवून आपल्या रेषेपर्यंत परतण्याची अट तेवढी होती.